‘मला झोपायचं नाही!’ : दुपारच्या झोपेविषयी पालकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लहान मुलांच्या दुपारच्या झोपेची तक्रार इतक्या वेळा दिसू लागली आहे की या अंकात दुसरा कोणताही विषय घेतलेला नाही. निवडलेली चार पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेक घरांत येते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. अगदी परवापरवापर्यंत ती सकाळी साडेसहाला उठायची, दुपारी साडेबाराला आडवी केली की थोड्याच वेळात तिचा डोळा लागायचा आणि अडीचपर्यंत ती शांत झोपायची. रात्री साडेआठला पुन्हा झोपायची. गेल्या महिनाभरात हे सगळे विस्कटले आहे. दुपारी पलंगावर ठेवले की ती उभी राहते, पाणी मागते, शू आली म्हणते, पुन्हा पाणी मागते, बाहुलीशी मोठमोठ्याने बोलत बसते आणि मी डोळे मिटून पडले तर माझ्या पापण्या बोटांनी उघडून पाहते. याच सुमारास आम्ही तिच्या पलंगाचा कठडा काढला, त्यामुळे ती खाली उतरून सरळ दारापाशी येते. कधी दीड तास थोपटूनही झोपत नाही, तर कधी साडेचारच्या सुमारास खेळता खेळता जमिनीवरच झोपते. मग त्या रात्री साडेदहा-अकरापर्यंत जागी राहते आणि सकाळी साडेसातला उठते. अजिबात झोपली नाही तर संध्याकाळी साडेपाचपासून जे रडणे सुरू होते ते आवरता आवरत नाही. सासूबाई म्हणतात, तिला आता गरज राहिलेली नाही, सोडून दे. माझी बहीण म्हणते, या वयात झोप मोडू देऊ नकोस. त्या दोन तासांत मला जरा श्वास घेता येत असे, तोही आता गेला. दुपार जवळ आली की माझ्याच पोटात गोळा येतो. झोप बंद करून टाकावी का?

उत्तर : बंद करू नका. तुमची मुलगी झोप नाकारते आहे, पण तिची झोपेची गरज संपलेली नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. जिची दुपारच्या झोपेची गरज खरोखर सरली आहे, ती साडेचारला खेळणी हातात असतानाच जमिनीवर झोपी जात नाही आणि साडेपाचला कोसळतही नाही. निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन वर्षांच्या आत दुपारची झोप कायमची सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण अडीच टक्क्यांहूनही कमी आहे. बहुतेक मुले ती तीन ते पाच या वयात सोडतात आणि पाच वर्षांपर्यंत ९४ टक्के मुलांची ही झोप थांबलेली असते. सव्वादोन वर्षे हे वय या हिशेबात बरेच अलीकडचे आहे. सासूबाईंचे निरीक्षण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण दुपारी साडेबाराला तिच्याकडे पाहिले तर ती ताजीतवानीच दिसत असणार. परंतु दुपारी मूल कसे दिसते यावरून हा निर्णय करायचा नसतो. तो संध्याकाळी करायचा असतो.

म्हणून पुढचा आठवडाभर पाच ते साडेसात या वेळात तिच्याकडे बारकाईने पाहा. दमलेले मूल नेहमी पेंगतेच असे नाही, उलट अनेकदा ते अधिकच धावते, मोठ्याने हसते आणि हसता हसता एकदम रडू लागते. सकाळी ज्या उंबऱ्यावरून ते सहज जाते, त्याच उंबऱ्याला संध्याकाळी अडखळते. हव्या त्या रंगाचे झाकण बाटलीला लावले नाही म्हणून भोकाड पसरते, आणि तेच झाकण आणून दिले तर ते फेकून देते. कान ओढणे, डोळे चोळणे, कडेवर घ्या म्हणणे आणि घेतल्यावर खाली सोडा म्हणणे, ही सगळी थकव्याचीच भाषा आहे. झोप झालेल्या दिवशीची संध्याकाळ आणि न झालेल्या दिवशीची संध्याकाळ यांत असा ठळक फरक दिसत असेल, तर तिला झोप हवी आहे, मग दुपारी ती कितीही मोठ्याने ‘नाही’ म्हणत असली तरी.

हा फरक केवळ पालकांच्या मनाचा खेळ नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील मोनिक लेबुर्जवा यांच्या गटाने अडीच ते तीन वर्षे वयाच्या, एरवी दुपारी झोपणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना एक सुटणारे चित्रकोडे आणि एक चुकीचा तुकडा घालून न सुटणारे केलेले चित्रकोडे दिले, एकदा दुपारची झोप झालेली असताना आणि एकदा ती मुद्दाम चुकवलेली असताना. एकच झोप चुकली तरी सुटलेल्या कोड्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर कमी उमटला आणि न सुटणाऱ्या कोड्यापुढचा वैताग वाढला. तुमच्या घरात साडेपाचला जे घडते, त्याला हट्टीपणा म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते, हे झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडले आणि आजही झोपेचा विचार त्याच पायावर होतो. एक म्हणजे जागे राहण्याच्या प्रत्येक तासागणिक वाढत जाणारी झोपेची ओढ, आणि दुसरे म्हणजे उजेड-अंधारावर चालणारे शरीराचे घड्याळ. लहान बाळांत ही ओढ झपाट्याने वाढते, म्हणून ती दिवसातून अनेकदा झोपतात. मेंदू जसा परिपक्व होतो तशी ती सावकाश वाढू लागते आणि मुलाला अधिक वेळ जागे राहणे झेपते. सव्वादोन वर्षांच्या मुलाला सकाळी उठल्यापासून साधारण साडेपाच ते सहा तास जागे राहिल्यावर पुरेशी झोप येते. तुमची मुलगी साडेसहाला उठत होती, तेव्हा साडेबाराची वेळ तिला अगदी नेमकी बसत होती. आता ती साडेसातला उठते, पण तुम्ही तिला साडेबारालाच आडवी करता, म्हणजे जेमतेम पाच तासांनी. तिला अजून झोप आलेली नसते, त्या झटापटीत तास-दीड तास जातो, नेमकी येणारी झोप टळून जाते आणि साडेचारला ती आवरेनाशी होते. त्या अवेळी झोपेने संध्याकाळपर्यंत साठायला हवी ती ओढ संपते, रात्र लांबते, सकाळ लांबते आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा तेच घडते.

हे चक्र सकाळी तोडायचे असते. रात्री कितीही उशिरा झोपली तरी दोन-तीन आठवडे तिला सकाळी पावणेसात ते सातच्या दरम्यान उठवा, पडदे सारून उजेड आत येऊ द्या आणि शक्य तर सकाळच्या वेळात तिला मोकळ्या हवेत मनसोक्त पळू द्या. पहिले तीन-चार दिवस ती आणि तुम्ही, दोघीही हैराण व्हाल, हे आधीच सांगून ठेवते. दुपारची झोप पाऊण ते एकच्या सुमारास सुरू करा आणि काहीही झाले तरी तीन, फार तर सव्वातीनच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण त्या जागेपणापासून रात्रीच्या झोपेपर्यंत पाच तासांचे अंतर राहिले पाहिजे. झोपलेल्या मुलाला उठवणे जिवावर येते हे खरे आहे. उठवल्यावर ती काही वेळ गुंगीत किरकिरेल. त्या वेळी प्रश्न न विचारता तिला मांडीवर घेऊन उजेडात बसावे, गुंगी आपोआप उतरते. साडेचारला डोळा लागलाच, तर वीस मिनिटांत उठवा आणि त्या रात्री तिला नेहमीपेक्षा थोड्या उशिरा झोप येईल हे गृहीत धरा.

एकूण हिशेब चोवीस तासांचा करावा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींत एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दुपारची झोप धरून ११ ते १४ तास, तर तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी १० ते १३ तास झोप सांगितली आहे. तुमच्या मुलीची पूर्वीची रात्र दहा तासांची आणि दुपार दोन तासांची, म्हणजे बारा तास होत होते. अकराला झोपून साडेसातला उठणारी मुलगी रात्री साडेआठ तासच झोपते, आणि अवेळी काढलेल्या डुलकीने ही तूट क्वचितच भरून निघते.

वेळेचे गणित जुळले तरी ‘नाही’ उरतेच, कारण ते केवळ झोपेविषयीचे नसते. दोन वर्षांच्या आसपास मुलाला आपली स्वतंत्र इच्छा असल्याचा शोध लागतो आणि ती इच्छा ते जागोजागी वापरून पाहते. आपण झोपलो तरी घर चालूच राहते, आई दुसऱ्या खोलीत काहीतरी करत असते, हेही त्याला याच वयात पक्के कळते. आईपासून दूर होण्याची भीती या काळात पुन्हा डोके वर काढते. शब्द भराभर येत असतात, आणि तुमची मुलगी बाहुलीशी जे बोलत बसते तो दिवसभर ऐकलेल्या शब्दांचा सरावच आहे. त्यातच शेवटच्या दुधाच्या दाढा साधारण तेविसाव्या महिन्यापासून पुढे येऊ लागतात, तेव्हा हिरड्याही एकदा पाहून घ्या.

यावर उपाय असा की जिथे तिला निवड देता येते तिथे ती मोकळेपणाने द्यावी आणि जिथे देता येत नाही तिथे प्रश्नच विचारू नये. ‘झोपायचं का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलेच आहे. त्याऐवजी ‘आता पडायची वेळ झाली, बाहुली घेणार की ससा?’ असे म्हणावे. झोपेच्या अर्धा तास आधीपासून घराचा वेग कमी करावा, पडदे ओढावेत, शू करवून घ्यावी, पाणी पाजावे आणि पाण्याचे भांडे तिच्या हाताशीच ठेवावे म्हणजे ते मागण्याचे कारण उरत नाही. मग एक गोष्ट, एक गाणे आणि थोडे थोपटणे, रोज त्याच क्रमाने. हा क्रम लांबवू नका, पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. आपल्या हातात वेळ, खोली आणि सवय एवढेच असते. प्रत्यक्ष झोप तिची तिलाच येऊ द्यावी लागते, आणि ‘झोप ना गं आता’ असे दहादा म्हटल्याने ती दूर जाते. थोपटताना तुमचा हात घाईत असेल तर मुलाला ते कळते, असा माझा पक्का अनुभव आहे.

कठड्याविषयी. मूल कठड्यावर चढून बाहेर पडू लागले असेल किंवा त्याची उंची सुमारे ८९ सेंटिमीटर झाली असेल, तर पडण्याच्या धोक्यामुळे कठड्याचा पलंग बंद करणेच योग्य असते. तुम्ही तो अन्य कारणाने काढला असेल आणि ती अजून चढत नसेल, तर काही महिन्यांसाठी परत लावण्यात काहीच गैर नाही. अन्यथा ती खाली उतरणार हे धरूनच खोली तयार करा: कपाट भिंतीला पक्के केलेले, खिडकीला जाळी किंवा अडसर, वायरी आणि पडद्यांच्या दोऱ्या वर, औषधे खोलीबाहेर. ती दारापाशी आली की न रागावता, न समजावता, ‘आता पडायची वेळ आहे’ एवढेच म्हणून तिला परत नेऊन ठेवा. पहिल्या दिवशी हे अनेकदा करावे लागेल. दर वेळी नवे संभाषण सुरू झाले तर दारापाशी येणे हाच तिचा खेळ होऊन बसतो.

आणि या सगळ्याला वेळेची मर्यादा हवी. तुमची दीड तासाची झटापट झोप न झालेल्या दुपारपेक्षा अधिक थकवणारी आहे, तिलाही आणि तुम्हालाही. सुमारे पाऊण तास ती पलंगावर किंवा खोलीत शांतपणे राहिली की, झोप लागली असो वा नसो, पडदे उघडा आणि आनंदाने बाहेर आणा. या वेळात चित्रांची पुस्तके, मऊ खेळणी, एखादे सोपे कोडे तिच्याजवळ असू द्या. मोबाइल किंवा टीव्ही मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसभरात एका तासाहून अधिक वेळ मोबाइल-टीव्हीसमोर नको, कमी असेल तितके चांगले, असे सांगितले आहे. शिवाय हलत्या चित्रांपुढे मूल गप्प बसले तरी त्याला विसावा मिळत नाही. ज्या दिवशी झोप झालीच नाही, त्या दिवशी रात्रीची झोप अर्धा ते एक तास अलीकडे आणा. साडेसातला झोपवले तर पहाटे उठेल, ही भीती अनेकांना वाटते. दमलेल्या मुलाच्या बाबतीत ती सहसा खरी ठरत नाही.

तुमच्या पोटातल्या गोळ्याविषयी एवढेच म्हणेन की तुमचा विसावा तिच्या झोपेला बांधून ठेवू नका. शांत वेळेचा तो पाऊण तास तुमचाही आहे. ती खोलीत सुरक्षित असेल तर तुम्ही शेजारी किंवा दाराबाहेर बसून वाचा, पडा, काहीही करा, फक्त घरकाम करू नका. आठवड्यातले काही दिवस हा क्रम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने करावा, असेही मी आग्रहाने सुचवते. आईच्या पापण्या उघडून पाहणारी मुले आजीजवळ किंवा बाबांजवळ कित्येकदा मुकाट झोपतात.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे तो दिवसभर पाळणाघरात असतो. तिथे जेवणानंतर सर्व मुलांना दोन तास झोपवतात. तोही झोपतो, पण रात्री साडेदहापर्यंत त्याला झोप येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो झोपत नाही, संध्याकाळी आनंदात असतो आणि साडेआठला झोपी जातो. पाळणाघरातील ताईंना त्याची झोप बंद करायला सांगावे का? त्यांना ते आवडणार नाही, अशी भीती वाटते.

उत्तर : पहिल्या पत्रातील मुलीच्या अगदी उलट तुमच्या मुलाची स्थिती आहे. सुट्टीच्या संध्याकाळी तो न झोपता प्रसन्न राहतो आणि वेळेवर झोपतो, यावरून त्याचा मेंदू दिवसभराचे जागेपण पेलू लागला आहे असे दिसते. दोन वर्षांनंतर दुपारची झोप चालू राहिली तर रात्रीची झोप उशिरा लागते आणि कमी होते, असे अनेक अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०१५ मधील एका ऑस्ट्रेलियन लेखातही आढळले आहे. रात्री तुमच्या घरी होणारी ओढाताण ही शिस्तीची अडचण नसून वेळापत्रकाची आहे.

तरीही एकदम बंद करा असे सांगण्याआधी दुसरी बाजू मांडली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रिबेका स्पेन्सर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की बालवाडीच्या वयातील, नियमित दुपारी झोपणारी मुले सकाळी शिकलेली चित्रांची जागा दुपारी झोपल्यास अधिक चांगली लक्षात ठेवतात, आणि चुकलेल्या झोपेची ही भरपाई त्या रात्रीच्या झोपेनेही होत नाही. ज्यांनी दुपारची झोप सोडलेली आहे, त्या मुलांत मात्र हा तोटा तितका दिसत नाही. म्हणजे एकाच वयाच्या दोन मुलांची गरज वेगवेगळी असू शकते आणि पाळणाघरात एकाच सतरंजीवर ती दोघे शेजारी पडलेली असतात. यात ताईंचा दोष नाही, कारण अनेक मुले सांभाळताना सर्वांची एक वेळ ठरवणे त्यांना भागच असते.

ताईंकडे तक्रार म्हणून नव्हे, तर विनंती म्हणून जा आणि सोबत आठवडाभराच्या झोपेच्या वेळा लिहून न्या. पहिली विनंती एवढीच असावी की त्याला पाऊण तासाने उठवावे. लहान मुलांचे झोपेचे एक आवर्तन, म्हणजे हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाऊन पुन्हा हलक्या झोपेत येणे, साधारण तासाभराचे असते, त्यामुळे नेमक्या कोणत्या मिनिटाला उठवल्यास तो कमी किरकिरेल हे त्यांनाच चार दिवसांत कळेल. पंधरवड्याने रात्र तासभर तरी अलीकडे आली नाही, तर दुसरी विनंती करा: इतर मुले झोपलेली असताना त्याला कोपऱ्यात पुस्तके किंवा चित्रे रंगवण्याचे साहित्य देऊन शांत बसू द्यावे. जागे असलेल्या मुलाला तासाहून अधिक वेळ सक्तीने निजवून ठेवणे कुणाच्याच हिताचे नाही. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन दिवस त्याला झोप लागेल, ती लागू द्यावी. झोप सुटण्याचा काळ काही आठवडे ते काही महिने असा रेंगाळतो आणि त्यात पुढे-मागे होणे स्वाभाविक आहे. झोप न झालेल्या दिवशी परतताना तो गाडीत पेंगला तर त्याच्याशी बोलत राहा, कारण सहा वाजताची दहा मिनिटांची डुलकीसुद्धा रात्रीचे गणित बिघडवते.

प्रश्न : सून आणि मुलगा कामावर गेल्यावर पंधरा महिन्यांच्या नातवाला मी सांभाळतो. सकाळी साडेनऊला तो दीड तास छान झोपतो, पण दुपारी अडीचला झोपवायला गेलो की हसत बसतो. एवढ्या लहान मुलाने दुपारी झोपू नये म्हणजे काय? सून म्हणते, सकाळी झोपवू नका. मला ते पटत नाही.

उत्तर : आजोबा, सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते हळूहळू अमलात आणायचे आहे. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुले दोन झोपांवरून एका झोपेवर येतात आणि या बदलात दुपारची झोप पहिल्यांदा बिघडते, कारण सकाळच्या दीड तासाने तिची ओढच संपलेली असते. आपल्याला दुपारचीच झोप टिकवायची असल्याने कात्री सकाळच्या झोपेला लावावी. ती आधी पाऊण तासावर आणा, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे सरकवत न्या. साडेअकरा-बाराच्या आसपास पोहोचली की ती आपोआप दुपारची एकच, लांब झोप होते. या तीन-चार आठवड्यांत तो जेवताना पेंगेल, म्हणून जेवण थोडे अलीकडे घ्यावे आणि रात्रीही त्याला लवकर झोपवावे. एखाद्या दिवशी अगदीच गळून गेला तर सकाळी वीस मिनिटे झोपू द्या, त्याने काही बिघडत नाही. आजारपणात तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा.

प्रश्न : पावणेतीन वर्षांच्या मुलीने दुपारची झोप सोडून तीन आठवडे झाले. आता रात्री झोपल्यावर तासाभरात ती किंचाळत उठून बसते, डोळे उघडे असतात पण आम्हाला ओळखत नाही, जवळ घेतले तर ढकलते, आणि सकाळी तिला काहीच आठवत नाही. ती रोज घोरतेही. शेजारच्या एका बाईंनी सर्दीचे औषध द्या, त्याने झोप लागते, असे सुचवले आहे.

उत्तर : सर्दीचे किंवा कोणतेही औषध झोपेसाठी देऊ नका. अशा औषधांनी काही मुले गुंगण्याऐवजी अधिकच चेकाळतात, आणि लहान मुलांत मात्रा चुकल्यास श्वास आणि हृदय या दोन्हींना धोका असतो. ती डॉक्टरांनी त्या दुखण्यासाठी सांगितली तरच द्यायची असतात.

तुम्ही वर्णन केलेले किंचाळणे वाईट स्वप्नाचे नाही. ते रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर पडताना येते, म्हणूनच तिला तुम्ही दिसूनही ओळखू येत नाही. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, परंतु मुलीला स्वतःला त्याचा त्रास आठवत नाही. तिला हलवून जागे करू नका, काही लागणार नाही एवढे पाहा आणि ओसरू द्या. झोपेची तूट हे याचे एक मोठे कारण असते, आणि दुपारची झोप सुटल्याच्या सुमारासच हे सुरू झाले असल्याने मी तुम्हाला ती झोप, निदान एक दिवसाआड, पुन्हा मिळवून द्यायला सांगेन. तोवर रात्रीची झोप तासभर अलीकडे आणा.

घोरणे मात्र नुसते वेळापत्रकाने सुटणार नाही. सर्दी नसतानाही रोज घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकणारे किंवा मान मागे टाकून घामाघूम होऊन झोपणारे मूल बालरोगतज्ज्ञांना दाखवले पाहिजे. वाढलेल्या ॲडिनॉइड (नाकामागील गाठी) किंवा टॉन्सिलमुळे रात्री श्वासमार्ग अरुंद झाला, तर मूल कितीही तास झोपले तरी त्याची झोप पुरी होत नाही, आणि गाढ झोपेतून असे अर्धवट उठण्यालाही त्यामुळे चालना मिळते. रात्रभर पाय झाडत असेल तर तेही सांगा. शरीरात लोह कमी असल्यास असे होऊ शकते आणि ते रक्ततपासणीत कळते. डॉक्टरांकडे जाताना आठवड्याच्या झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा लिहून न्या. ती गाढ झोपलेली असताना छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असे एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करून न्या. दवाखान्यात ती जागी असेल, आणि तिचा झोपेतला श्वास डॉक्टरांना पाहता येण्याचा तोच एक सोपा मार्ग आहे.